कठीण शब्द निरुपद्रवी, सोपे शब्द फसवे

विज्ञान मराठीतून शिकवावे असा विषय निघाला, की पहिला आक्षेप परिभाषेवर येतो. 'धनाग्र', 'विकर', 'प्रारण' असले शब्द मुलांनी तोंडी तरी कसे बसवायचे, त्यापेक्षा सरळ इंग्रजी शब्द बरे, असे पालक म्हणतात आणि पुष्कळ मराठी शाळाही म्हणू लागल्या आहेत. गणित व विज्ञान तेवढे इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून, ही 'सेमी-इंग्रजी' नावाची तडजोड त्यातूनच रूढ झाली. या आक्षेपामागे एक समजूत दडलेली असते. मराठी पारिभाषिक शब्द कोणीतरी बसून घडवलेले, कृत्रिम. इंग्रजी शब्द मात्र त्या भाषेत आपोआप उगवलेले, म्हणून इंग्रजांच्या मुलांना ते सहज कळत असले पाहिजेत, अशी ती समजूत. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. मँचेस्टरच्या कामगाराच्या मुलाला 'कॅथोड' हा शब्द जितका परका, तितकाच तो मालेगावच्या विणकराच्या मुलालाही परका. फरक एवढाच, की मँचेस्टरमध्ये त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

'कॅथोड' आणि त्याचा जोडीदार 'अॅनोड' हे शब्द कोठून आले याचा इतिहास पत्रव्यवहाराच्या रूपाने उपलब्ध आहे, आणि तो मोठा बोधक आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना बांधायला आलेली पुस्तके वाचून तो विज्ञानाकडे वळला. त्याला ना ग्रीक येत होते, ना फारसे गणित. विजेच्या प्रवाहाने द्रावणांचे विघटन कसे होते याचे प्रयोग त्याने केले, तेव्हा त्याला जुने शब्द नकोसे वाटू लागले. प्रवाह जेथून द्रावणात शिरतो आणि जेथून बाहेर पडतो त्या जागांना तोवर 'ध्रुव' म्हणत. पण ध्रुव म्हटले, की चुंबकासारखी ओढ आलीच. आणि अशी ओढ तेथे असते हे तर फॅरडेला मान्य नव्हते. शब्दाने सिद्धांत आधीच गळी उतरवू नये, एवढीच त्याची मागणी होती. म्हणून १८३४ साली त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील विल्यम ह्यूएल या बहुश्रुत विद्वानाला पत्र लिहून सल्ला विचारला.

ह्यूएलने सुचविलेल्या शब्दांमागचे चित्र रम्य आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कारण तिच्याभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे विद्युत्प्रवाह आहेत, अशी कल्पना तेव्हा मांडली जात असे. प्रयोगातील पात्र त्याच दिशेने ठेवले आहे असे समजा. मग प्रवाह पूर्वेकडून, म्हणजे सूर्य वर चढतो त्या बाजूने आत येईल आणि सूर्य खाली उतरतो त्या बाजूने बाहेर जाईल. ग्रीक भाषेत 'आनो' म्हणजे वर, 'काता' म्हणजे खाली आणि 'होदोस' म्हणजे वाट. वर जाणारी वाट तो अॅनोड, खाली उतरणारी वाट तो कॅथोड. सूर्योदय आणि सूर्यास्त, दुसरे काही नाही. उद्या प्रवाहाची दिशा उलटी ठरली, तरी उगवती आणि मावळती या खुणा कायम राहतील, हा त्यातला हिशेब. द्रावणातून या दोन टोकांकडे चालत जाणाऱ्या कणांना ह्यूएलने 'आयन' म्हटले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'जाणारा'. ज्या मूळ धातूपासून हा ग्रीक शब्द झाला, त्याचाच सख्खा भाऊ संस्कृतातील 'इ' हा गमनार्थक धातू होय. 'अयन' हा शब्द त्यावरूनच आलेला. उत्तरायण आणि दक्षिणायन म्हणणाऱ्या समाजाला 'आयन' हा शब्द परका वाटावा आणि त्याची धास्ती वाटावी, हे नवल आहे. मराठी परिभाषाकारांनी तो जसाच्या तसा ठेवला, हे त्यांचे शहाणपण.

'अॅनोड'च्या बाबतीत मात्र त्यांची थोडी गफलत झाली, आणि तीही सोपेपणाच्या मोहाने. त्यांनी अॅनोडला 'धनाग्र' आणि कॅथोडला 'ऋणाग्र' म्हटले. विद्युत अपघटनाच्या प्रयोगात हे बरोबर जुळते. पण टॉर्चमधला साधा कोरडा घट घ्या. त्याचे जस्ताचे भांडे रसायनशास्त्राच्या व्याख्येने अॅनोड असते आणि तेच त्या घटाचे ऋण टोक असते. म्हणजे धनाग्र ऋण झाले! विद्यार्थी येथे हमखास अडखळतो, आणि दोष आपल्या बुद्धीचा समजतो. फॅरडेने जो अर्थ शब्दात मुद्दाम येऊ दिला नव्हता, तो मराठीत मागच्या दाराने आला. 'सूर्योदयाची वाट' असा निरर्थक वाटणारा ग्रीक शब्द दोन्ही ठिकाणी निमूटपणे काम करतो. सोपा, अर्थवाही मराठी शब्द अर्ध्या ठिकाणी दगा देतो.

याच ह्यूएलच्या नावावर आणखी एक शब्द आहे, आणि त्याच्याइतका रूढ दुसरा शब्द विज्ञानाच्या क्षेत्रात नसेल. १८३३ साली केंब्रिजला ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले असता, तेथे जमलेल्या मंडळींनी स्वतःला 'फिलॉसॉफर' म्हणवून घेऊ नये अशी हरकत कवी कोलरिज याने घेतली. मग म्हणायचे तरी काय? कलेचा तो 'आर्टिस्ट', तर सायन्सचा तो 'सायंटिस्ट', अशी सूचना ह्यूएलने केली. पुढच्या वर्षी मेरी सॉमरव्हिल या विदुषीच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिताना त्याने ती छापूनही टाकली. ती कोणालाही रुचली नाही. मूळ लॅटिन आणि शेपूट ग्रीक असा हा संकर विद्वानांच्या कानाला बोचत असे. तब्बल साठ वर्षांनी, १८९४ साली, टी. एच. हक्स्ली यांच्यासारखा विज्ञानाचा कैवारीदेखील या शब्दावर उखडलेला होता. मराठीत एखादा नवा शब्द आला, की दुसऱ्या दिवशी त्याची टवाळी सुरू होते. तीवरून तो शब्द टिकणार नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा साठ वर्षांचा हिशेब ध्यानात घ्यावा. शब्द कानाला गोड आहे की नाही हे वापरण्याच्या सवयीने ठरते. 'दुर्बीण' शब्दाला कोण हसतो? 'दूर' आणि 'पाहणारा' असे दोन फारसी तुकडे जोडून तो झाला, आणि 'टेलिस्कोप'मध्ये ग्रीकांचे नेमके हेच दोन तुकडे आहेत.

शब्दाच्या व्युत्पत्तीवरून त्या वस्तूचे खरे स्वरूप कळते, असाही एक लाडका समज आहे. विज्ञानात तो फार सांभाळून वापरावा लागतो. नाव ठेवणारा त्या वेळी कोठे उभा होता एवढेच व्युत्पत्ती सांगते. 'ऑक्सिजन' हे त्याचे ठळक उदाहरण. जोसेफ प्रीस्टली याने १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने ऊन एकवटून हा वायू मिळविला. पण जुन्या कल्पनांच्या चौकटीत राहून त्याने त्याला भलतेच लांबलचक नाव दिले. फ्रान्सच्या लव्हाझिए याने त्याचे खरे महत्त्व ओळखले. ज्वलन म्हणजे या वायूशी होणारा संयोग, हे त्याने दाखविले. परंतु प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असेही त्याला वाटले. म्हणून त्याने 'आंबट' आणि 'जनक' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याला 'आम्लजनक' हे नाव दिले. १७८७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी नवी नामपद्धती प्रसिद्ध केली, तीत हे नाव कायम झाले. पुढे १८१० साली हंफ्री डेव्ही याने दाखवून दिले, की मिठापासून निघणाऱ्या तीव्र आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही. तोवर लव्हाझिएला फ्रेंच राज्यक्रांतीने गिलोटिनखाली देऊन सोळा वर्षे झाली होती. नाव चुकीचे ठरले, पण ते बदलण्याची गरज कोणालाही वाटली नाही. कारण रसायनशास्त्र नावावर चालत नव्हते, ते व्याख्येवर आणि तराजूवर चालत होते. जर्मन भाषेत तर त्याला आजही सरळ 'आंबट द्रव्य' म्हणतात, आणि जर्मनांचे रसायनशास्त्र त्यामुळे मागे पडलेले नाही!

मराठीने या वायूला 'प्राणवायू' म्हटले. शरीरातील पंचप्राणांपैकी एकाचे हे जुने नाव; ते उचलून एका मूलद्रव्याला दिले. लव्हाझिएची चूक त्यामुळे टळली, हे खरे. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांच्या दारांत लोक सिलिंडरसाठी धावत होते, तेव्हा या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. तथापि लोखंडाला गंज चढविणाराही हाच वायू आणि आगीत घर भस्म करणाराही हाच, हे 'प्राण' या शब्दाच्या पुण्याईमुळे थोडे झाकले जाते. 'गॅस' या शब्दाची कथा त्याहून मजेची. व्हॅन हेल्माँट या ब्रुसेल्सच्या वैद्याने तो सतराव्या शतकात ग्रीकांच्या 'केऑस' म्हणजे आदिम अनागोंदी या शब्दावरून घडविला. स्वयंपाकघरात तो आज इतका रुळला आहे, की 'गॅस संपला' म्हणताना आपण ग्रीक बोलतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही.

रोगांच्या नावांत तर चुकांचे संग्रहालयच आहे. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत 'वाईट हवा'. दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो ही शतकानुशतकांची समजूत. १८८० साली लाव्हरान याला रुग्णाच्या रक्तात परोपजीवी दिसला आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस याला तो डासाच्या पोटात सापडला. हवेचा काही संबंध नाही हे तेव्हापासून ठरले. नावातली हवा मात्र गेली नाही. मराठीतील 'हिवताप' हे नाव या कसोटीवर सरस ठरते. थंडी वाजून येणारा ताप तो हिवताप. कारणाविषयी ते काही बोलतच नाही, म्हणून खोटेही ठरत नाही. आरोग्य खात्याने आपल्या अधिकाऱ्याला 'हिवताप अधिकारी' म्हटले ते उत्तमच झाले. 'व्हॅक्सिन'मध्ये लॅटिन भाषेतील गाय आहे: एडवर्ड जेन्नर याने १७९८ साली गोस्तन देवीच्या उपायाविषयी लिहिले त्याची ती खूण. गाईशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रतिबंधक द्रव्यांनाही हेच नाव द्यावे असे लुई पाश्चर याने १८८१ साली लंडनच्या वैद्यक परिषदेत सुचविले, ते जेन्नरच्या सन्मानार्थ. मराठी 'लस' हा शब्दही असाच जुन्या पद्धतीचा साक्षीदार आहे. फोडातून पाझरणारा द्रव तो लस. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढल्या, तो हिंदुस्थानातला पहिला प्रयोग, आणि तिच्या हातावरील फोडातील लस घेऊनच पुढच्या मुलांना टोचण्यात आले. आजच्या लशीत असला कोणताही द्रव नसतो. शब्दाने अर्थ बदलला, लोकांना पत्ताही लागला नाही.

एक शब्द तर असा आहे, की तो येथूनच गेला आणि ओळख न पटता परत आला. धनुष्याची दोरी ती ज्या किंवा जीवा. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही त्याची दोरी. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात अर्धज्येची कोष्टकरूप मूल्ये दिली. हे गणित अरबांनी घेतले, तेव्हा 'जीवा' हा शब्द त्यांनी ध्वनीनुसार 'जीब' असा घेतला. परंतु अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची प्रथा नसल्याने पुढच्या वाचकांनी तो 'जैब' वाचला. 'जैब' म्हणजे अंगरख्याचा गळ्याजवळचा घोळ, वक्षस्थळ. हिंदी-उर्दूतला 'जेब' म्हणजे खिसा तो हाच. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तेव्हा भाषांतरकारांनी प्रामाणिकपणे त्याचा लॅटिन प्रतिशब्द दिला: 'सायनस'. त्याचा पुढे 'साइन' झाला. डॉक्टर नाकाजवळच्या पोकळ्यांना 'सायनस' म्हणतात तोही हाच शब्द. आज मराठी शाळेतील मूल वर्तुळाच्या पाठात 'जीवा' शिकते आणि त्रिकोणमितीच्या पाठात 'साइन' शिकते. पहिला शब्द आपला आणि दुसरा इंग्रजांचा, असे त्याला वाटते. दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. सांगितले, तर साइनची व्याख्या पाठ करण्याचे निम्मे श्रम वाचतील. कारण धनुष्याचे चित्र डोळ्यांसमोर आले, की अर्धी दोरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

येथवर आलेले शब्द चुकीचे असोत वा विचित्र, त्यांनी कोणाचे फारसे बिघडविलेले नाही. अपरिचित शब्दाचा एक गुण असा, की तो ऐकणाऱ्याला थांबवतो. अर्थ ठाऊक नाही हे त्याला कळते आणि तो विचारतो. घात होतो तो ओळखीच्या शब्दांनी. 'वर्क' म्हणजे काम, हे सर्वांना ठाऊक. पण डोक्यावर मणभर ओझे घेऊन फलाटावर तासभर ताटकळलेल्या हमालाने पदार्थविज्ञानाच्या भाषेत शून्य काम केलेले असते. कारण ओझे जागचे हलले नाही! मुलांना यात हसू येते आणि हसण्यानेच ते लक्षात राहते. ते ठीक आहे. 'थिअरी' या शब्दाच्या बाबतीत मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

मूळ ग्रीक अर्थ 'पाहणे'. 'थिएटर' हा त्याच कुळातला. दृश्य नीट पाहून त्याचा उलगडा करणे, असा त्याचा प्रवास. विज्ञानात थिअरी म्हणजे पुष्कळ पुराव्यांना एका सूत्रात ओवणारे, वारंवार पारखलेले स्पष्टीकरण. इंग्रजी बोलचालीत मात्र थिअरी म्हणजे अटकळ, मनात आलेला तर्क. या दोन अर्थांतील दरीचा लाभ उठविणारे निघालेच. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कॉब परगण्याच्या शाळा मंडळाने २००२ साली जीवशास्त्राच्या पुस्तकांवर चिकटपट्ट्या लावल्या. उत्क्रांती ही 'थिअरी' आहे, वस्तुस्थिती नव्हे, असा त्यांचा आशय. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या काढण्याचा आदेश दिला. अपील झाले, आणि अखेर डिसेंबर २००६ मध्ये पुन्हा असल्या पट्ट्या न लावण्याचे मंडळाने तडजोडीत मान्य केले. रोग जंतूंमुळे होतात हीदेखील थिअरीच, द्रव्य अणूंचे बनले आहे हीही थिअरीच. त्या पाठांवर मात्र कोणी पट्टी चिकटविली नाही.

मराठीला या ठिकाणी एक अनायास लाभ होता. 'सिद्धांत' म्हणजे जे सिद्ध होऊन अंतास गेले ते. 'हा नुसता सिद्धांत आहे' असे मराठीत तुच्छतेने म्हणताच येत नाही. वाक्य अर्ध्यावर अडखळते. असा भक्कम शब्द हाताशी असताना मराठी लेखकांनी डार्विनच्या बाबतीत शब्द रूढ केला तो 'उत्क्रांतिवाद'. समाजवाद, गांधीवाद, दैववाद यांच्या पंगतीत तो बसला. वाद म्हटला, की प्रतिवाद आलाच. ज्याला पटेल त्याने मानावा, न पटेल त्याने सोडावा. आइन्स्टाइनच्या वाट्यालाही 'सापेक्षतावाद' आला, परंतु सापेक्षतेशी कोणाच्या श्रद्धेचे भांडण नसल्यामुळे तेथे ते खपून गेले.

शेपटाप्रमाणे मूळ शब्दही अडचणीचाच. 'उत्क्रांती' म्हणजे वर जाणे, वर चढणे. या एका उपसर्गाने जीवसृष्टीची शिडी उभी केली: खाली कृमी, मध्ये माकड, वरच्या पायरीवर माणूस. डार्विनच्या विचारात अशी शिडी नाही. तेथे फांद्या फुटणारे झाड आहे, आणि आजचे माकड हे माणसाचे आजोबा नसून दूरचे चुलतभाऊ आहे. इंग्रजी 'इव्होल्यूशन'चा मूळ अर्थ गुंडाळलेला कागद उलगडणे. त्यातही आधीच लिहिलेले काहीतरी उघडत जाते असा भास होतो. डार्विनला बहुधा यातला धोका दिसत असावा. १८५९ च्या मूळ ग्रंथात हा शब्द नामरूपाने एकदाही येत नाही. फक्त शेवटच्या वाक्यातील शेवटचा शब्द त्याचे क्रियापदरूप आहे. 'बदलांसह वंशावतरण' असा रुक्ष पण बिनचूक शब्दप्रयोग त्याने पसंत केला. सोपा शब्द बारा वर्षांनी, लोकांच्या रेट्यापुढे, त्याच्याही लेखणीतून उतरला.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एका संमेलनात तत्कालीन केंद्रीय शिक्षण राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहिलेले नाही, हे त्यांनी दिलेले कारण. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. मंत्रिमहोदयांचे कारण ज्या चित्रावर उभे होते, ते शिडीचे चित्र डार्विनचे नव्हते. ते शब्दाने उभे केलेले होते. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या पाठाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' उरले. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी तो विषय ठेवण्यात आला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांची उत्क्रांतीशी गाठ आता पुस्तकात पडत नाही. ती पडते वर्तमानपत्रात आणि व्यासपीठावर, आणि तेथे तिच्या नावापुढे बहुधा 'वाद' लागलेला असतो.